सरपण आधी, स्टोव्ह मागून

ग्वाल्हेरला थंडी पडते हे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना पटत नाही. ते येतात मे महिन्यात, लग्नाला नाहीतर सुट्टीला, ४५ अंशांत भाजून निघतात आणि तेच ग्वाल्हेर डोक्यात घेऊन परत जातात. डिसेंबरअखेरीपासून संक्रांत उलटून जाईपर्यंत इथे रात्रीचा पारा चार-पाचवर येतो, शीतलहर आली की त्याच्याही खाली. पण रात्र रजाईत निघून जाते, पंचाईत दिवसाची असते. कोहरा, म्हणजे दाट धुकं, दुपारपर्यंत उठत नाही, ऊन नावाला दिसत नाही, आणि दगडी घर एकदा आतून गारठलं की चांगली कडक उन्हं पडल्याशिवाय मोकळं होत नाही.

आमचं घर लष्कर भागात, जीवाजीगंजाच्या बाजूला आहे. सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. भिंती पावणेदोन फूट जाड, छत पटियांचं, म्हणजे लोखंडी गर्डरांवर टाकलेल्या लांबलचक दगडी फरश्यांचं, आणि बैठकीची उंची १३ फूट. ज्यांनी बांधलं त्यांनी उन्हाळ्याचा पुरता विचार केला आणि हिवाळा देवावर सोडला. सासूबाईंनी आता ऐंशी ओलांडली आहे, गुडघे आणि बोटांचे सांधे धरलेले. नोव्हेंबर लागला की त्यांचं एकच मागणं, "माझी शेगडी काढा."

शेगडीला माझा ठाम विरोध होता आणि आहे. कोळसे लाल झाले, धूर थांबला, म्हणजे शेगडी आत आणायला हरकत नाही असं आपल्याकडे सगळे समजतात. खरा धोका तिथूनच सुरू होतो. धगधगत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. दर हिवाळ्यात आमच्या भागातल्या वर्तमानपत्रांत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या कुणाची ना कुणाची बातमी असतेच. आई म्हणायच्या, "आम्ही आयुष्यभर शेकलो, काही झालं का?" तेव्हा दारं-खिडक्यांतून वारा वाहायचा. आता आम्हीच फटींना पट्ट्या लावल्यात.

विजेचे हीटर वापरून झाले. २००० वॅटचा हीटर सहा तास चालला की १२ युनिट. एकाने बैठक तापत नाही, दोन लावले तर जुन्या वायरिंगला घाम फुटतो. ब्लोअरची गरम हवा सरळ वर, पटियांना चिकटून बसते. खाली पाय थंडच. तेल भरलेला रेडिएटर त्यातल्या त्यात बरा, पण १३ फुटांच्या खोलीत त्याचा जीव केवढा.

नणंदेचे यजमान नोकरीनिमित्त हिमाचलात होते. तिथे घरोघरी खोलीच्या मध्यभागी लोखंडी पेटी, तिला छतातून बाहेर काढलेली नळी आणि भोवती सगळं घर. ते लोक त्याला तंदूर म्हणतात, काश्मीर-लडाखात बुखारी. आग खोलीत, पण धूर आणि ते विषारी वायू नळीवाटे बाहेर. मला हवं होतं ते एवढंच. मग शोधायला बसले, तेव्हा कळलं की यात लाकडाचे वेगळे, पेलेटचे म्हणजे भुसा दाबून केलेल्या बारीक गोळ्यांचे वेगळे आणि बहुइंधनी म्हणजे मल्टिफ्युएल वेगळे असा मोठा पसारा आहे.

इथे माझे दीर प्रवेश करते झाले. ते पुण्यात असतात, मेकॅनिकल इंजिनिअर आहेत, आणि घरातल्या कुठल्याही कामात उंटावरून शेळ्या हाकणं हा त्यांचा स्वभाव आहे. पण त्यांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला तो लाखमोलाचा होता. "वहिनी, स्टोव्ह राहू दे. जाळणार काय ते आधी सांगा."

परदेशी स्टोव्हच्या कॅटलॉगांत काय जाळायचं ते लिहिलेलं असतं, पण ते तिकडचं. अँथ्रासाइट म्हणजे कडक, कमी धुराचा कोळसा, धूर न करणारे कोळशाचे अंडाकार गोळे, भट्टीत वाळवलेलं ओक. इंग्लंडात तर १ मे २०२३ पासून घरगुती वापराचा साधा दगडी कोळसा विकायलाच बंदी आहे, आणि ओलं जळण किरकोळीत विकायला २०२१ पासून. म्हणजे ते स्टोव्ह ज्या इंधनासाठी घडवलेले आहेत त्यातलं आमच्या दाल बाजारात किंवा लोहिया बाजारात काहीही मिळणार नाही. मग मिळतं काय, ते बघायला निघाले.

पहिली टाल. आमच्याकडे जळाऊ लाकूड टालीवर मिळतं, वजनावर. बाभूळ, शिसम, आंबा, कडुनिंब आणि ढिगाने विलायती बाभूळ. चंबळच्या बीहडात ही विलायती बाभूळ एके काळी विमानातून बी टाकून पसरवली होती; तिने बाकीच्या झाडोऱ्याचं काय केलं तो वेगळा विषय, पण जळण म्हणून ती अव्वल आहे. जड, घट्ट, सावकाश जळणारी. आंबा हलका, भुर्रकन जातो, पेटवायला बरा. कडुनिंबाचा धूर उग्र.

टालवाल्याकडे मी ओलावा मोजायचं मीटर घेऊन गेले होते. दोन सुया असलेलं हातात मावणारं यंत्र, ऑनलाइन मिळतं. त्याने दाखवलेल्या ओंडक्याच्या सालीवर सुया टोचल्या तर आकडा आला १७. तो खूष. मग मी म्हटलं, भैया, जरा फाड़ दो. कुऱ्हाडीचा एक घाव घालून त्याने उभे दोन भाग केले. आतल्या ताज्या, किंचित गुलाबी दिसणाऱ्या भागावर सुया टोचल्या. ३१. बोट लावलं तर गारही लागत होतं. टालवाला मीटरकडे बघत म्हणाला, "भाभीजी, गीली नहीं है, ताज़ी है बस."

जळणाला २० टक्क्यांच्या आत ओलावा लागतो. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाचा तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी असू शकतं. म्हणजे टालीवर आपण लाकडाच्या भावाने पाणी विकत घेतो, घरी आणतो, आणि मग आग खोली तापवायच्या आधी ते पाणी उकळत बसते. आग थंड राहिली की न जळलेला धूर नळीच्या आतल्या बाजूला डांबरासारखा साचतो, क्रिओसोट म्हणतात त्याला. तो थर पुढे कधीतरी नळीतच पेट घेतो. मीटर नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघावेत. वाळलेले टणटण वाजतात, ओले नुसते धपधप.

दुसरं म्हणजे कोळसा. दगडी कोळसा मिळतो, नाही असं नाही. पण आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख सहज असते. शंभर किलो जाळायचा आणि तीस-चाळीस किलो उचलून टाकायचा, तेही वरच्या मजल्यावरून. शिवाय धूर. २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यात हवा वाईट असलेल्या शहरांच्या यादीत ग्वाल्हेर आहे. कोहऱ्याच्या दिवशी आपल्या नळीतून निघालेला काळा धूर गल्लीतच उतरतो, शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर. कोळसा मी तिथेच खोडला. पेटकोक, म्हणजे खनिज तेल शुद्ध करताना उरणारा कोळसा, तर कुणी फुकट दिला तरी घेऊ नये. त्यातलं गंधक आणि त्याची आच, दोन्ही घरगुती स्टोव्हला सोसत नाहीत.

तिसरी वस्तू मला ठाऊकच नव्हती. मुरैना-भिंड हा मोहरीचा पट्टा. मळणी झाल्यावर राहिलेल्या मोहरीच्या काड्या, भुईमुगाची टरफलं, भुसा असं दाबून त्याच्या दंडगोल विटा करतात. साधारण मनगटापेक्षा जाड, ९० मिलिमीटर व्यासाच्या. बाजारात त्यांना व्हाइट कोल म्हणतात, दिसायला मात्र तपकिरी. बानमोरकडच्या कारखान्यांचे बॉयलर त्यावर चालतात. माल टनाने जातो, त्यामुळे चार पोती मागणाऱ्या बाईला कुणी उभं करत नाही. शेवटी ओळखीच्या ट्रकवाल्याने सोय केली. मी एक वीट मोडून बघितली. आत पापुद्र्यांसारखे थर, कोरडी ठणठणीत, नाकाजवळ नेली की मोहरीच्या तेलाचा पुसट वास. पाण्याचा थेंब पडला मात्र की फुगून भुगा. आणि राख लाकडापेक्षा पुष्कळ जास्त. शेतातल्या काड्यांच्या राखेत पोटॅशियम जास्त असतं, ती कमी तापमानाला वितळते आणि मग तिचे कडक खडे बनून जाळीत अडकतात.

ही वीट हातात घेतली तेव्हा स्टोव्ह कुठला हे निम्मं ठरलं. कारण नुसत्या लाकडाच्या आणि बहुइंधनी स्टोव्हमधला सगळा फरक बुडाशी असतो. लाकूड तापलं की त्याच्या वजनाचा पाऊण हिस्सा वायू होऊन निघतो आणि तो वायू वरच्या वर जळतो, म्हणून त्याला हवा वरून लागते. लाकडाच्या स्टोव्हचं बूड सपाट असतं, राखेच्या गादीवर निखारे राहतात आणि तेच बरं. कोळसा जागच्या जागी जळतो, त्याला हवा खालून लागते. म्हणून जाळी, जाळीखाली राखेचा ट्रे, जाळी हलवायला दांडा आणि खालच्या हवेचं वेगळं झाकण. आमच्या मोहरीच्या विटा या दोघांच्या मधल्या. थोडी हवा खालून, जास्त वरून, आणि राख झाडायची सोय हवीच. कोळसा एक ढेकूळही जाळायचा नसताना बहुइंधनी स्टोव्ह घेतला, तो या जाळीसाठी. लाकूड जाळायचं त्या दिवशी जाळीवर इंचभर राख तशीच ठेवायची, खालचं झाकण बंद करायचं, की झाला लाकडाचा स्टोव्ह.

पेलेटचे स्टोव्ह फार देखणे आणि आपोआप चालणारे, पण इंधन आत ढकलायला मोटर आणि पंखा लागतो. ऐन गारठ्यात वीज गेली की तेही थंड आणि आपणही. हिमाचली पत्र्याची बुखारी काही हजारांत येते, ती मागवायच्या अगदी बेतात होतो. पण तिला हवेवर ताबा जवळजवळ नसतो. लाकूड भसाभस खाते, लालबुंद होते, आणि जळण संपलं की अर्ध्या तासात गार.

मग आकाराचा वाद. दिल्लीच्या एका विक्रेत्याने खोलीची उंची ऐकल्याबरोबर १० किलोवॅटचा सांगितला. "मॅडम, बडा लो, धीमा चला लेना." हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण स्टोव्हच्या बाबतीत तो घातक. मोठा स्टोव्ह हवा बंद करून धुमसत ठेवला की काच काळी, नळीत डांबर आणि धूर दुप्पट. छोटा स्टोव्ह खणखणीत पेटता ठेवणं कधीही चांगलं. नाकापेक्षा मोती जड करून उपयोग नाही.

पुण्याच्या भाऊजींनी हिशोब करून पाठवला. बैठक १५ बाय १४ फूट, उंची १३, म्हणजे ७७ घनमीटर. ब्रिटिश लोकांचा ठोकताळा असा की घनमीटरला १४ ने भागा, घर फारच गार असेल तर १० ने. उत्तर येतं साडेपाच ते पावणेआठ किलोवॅट. पण त्यांचा ठोकताळा बाहेर शून्याच्या आसपास आणि आत २१ अंश धरून केलेला. आमच्याकडे बाहेर ५ आणि आत २० झाले तरी आई शाल काढून ठेवतात. फरक २१ चा नाही, १५ चा. त्या प्रमाणात उतरवलं की चार ते साडेपाच. म्हणून ५ किलोवॅट. वाळलेल्या लाकडाच्या किलोत साधारण ४ युनिट उष्णता असते, चांगला स्टोव्ह त्यातले ३ खोलीला देतो, म्हणजे पूर्ण जोरात चालवला तर तासाला पावणेदोन किलो जळण. संध्याकाळी पाच तास धरा, आठ-नऊ किलो झालं. उघड्या शेकोटीत यातली तीन-चतुर्थांश उष्णता धुराबरोबर निघून जाते.

बिडाचा की पोलादी, यावर घरात दोन तट पडले. ह्यांना बिडाचा हवा होता, दिसायला भारदस्त. बीड सावकाश तापतं आणि सावकाश निवतं; दिवसभर पेटता ठेवणाऱ्यांना ते चांगलं. आमचा वापर सकाळी दोन तास आणि संध्याकाळी, त्याला पोलाद बरं, लवकर तापतं. शिवाय बिडाचे भाग सिमेंटने आणि न जळणाऱ्या दोरीने जोडलेले असतात, वर्षांनी ते सांधे सुटतात. पोलादी पेटी वेल्ड केलेली, सुटली तरी ग्वाल्हेरात वेल्डर गल्लोगल्ली. शेवटी पेटी पोलादी, दार आणि माथा बिडाचा असा मिळाला आणि घरात शांतता झाली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट कुठल्याच विक्रेत्याने आपणहून सांगितली नाही. काही स्टोव्हना बाहेरून दुसरं कवच असतं, त्या दोन थरांतून हवा तापून वर उठते. बुटक्या खोलीत ते छान. आमच्याकडे वर उठलेली हवा पटियांपाशी जाऊन बसणार, ब्लोअरचीच गत. आम्हाला हवा होता बिनकवचाचा, जो समोर बसलेल्या माणसाला थेट शेकतो. आणि छताचा पंखा एकच्या आकड्यावर सोडायचा. हिवाळ्यात पंखा लावलेला पाहून येणारे-जाणारे चक्रावतात, पण वरची ऊब खाली येते.

आतलं अस्तर मी मुद्दाम फायरब्रिकचं, म्हणजे भट्टीत लावतात त्या विटांचं, बघून घेतलं. व्हर्मिक्युलाइट या खनिजाच्या पाट्या हलक्या असतात, पण ओंडका आदळला की तुटतात आणि नवी पाटी परदेशातून येईपर्यंत थंडी संपते. फायरब्रिक भट्टीवाल्यांकडे मिळते. जाळी सपाट, सरळ दांड्यांची घेतली, उद्या वाकली तर इथला ओतारी तशीच ओतून देईल. दार घट्ट बसावं म्हणून कडेला लावायची दोरी बॉयलरच्या सामानात सापडते. काच तेवढी खास सिरॅमिकची असते, ती एक जादा घेऊन ठेवली. दार घट्ट बसतं का हे बघायला दहाची नोट दारात धरून बंद करायचं आणि ओढायची. सहज सुटली तर दोरी ढिली. दुकानात तीन बाजूंनी नोट अडकली, बिजागरीच्या बाजूला सुळकन बाहेर आली. तिथल्या तिथे दार आवळून घेतलं.

आता नळी. लोक स्टोव्ह निवडतात आणि नळी मिस्त्रीवर सोडतात, मला वाटतं उलट करावं. आग ओढली जाते ती नळीमुळे. नळी म्हणजेच या यंत्राचं इंजिन. स्टोव्हच्या माथ्यापासून नळीच्या टोकापर्यंत निदान साडेचार मीटर उंची लागते, शक्यतो सरळ, आणि वळण द्यावंच लागलं तर ४५ अंशांपेक्षा जास्त नाही. पहिल्या मिस्त्रीने रोशनदानातून, म्हणजे भिंतीतल्या वरच्या झरोक्यातून, काटकोनात बाहेर काढायची म्हटलं. स्वस्त पडलं असतं. पण दोन काटकोन आणि पुढे बाहेर उघड्यावर उभी नळी, म्हणजे धूर गार होणार, ओढ मरणार, डांबर जमणार. एका दुकानदाराने स्वयंपाकघरातल्या चिमणीचा घडीचा ॲल्युमिनियम पाइप काढून दाखवला. त्याला मी नुसता नमस्कार केला.

बैठक वरच्या मजल्यावर आणि थेट वर गच्ची, हे आमचं भाग्य. सरळ वर जायचं ठरलं. पण पटियाला भोक पाडायला कुणी तयार होईना. म्हातारे मिस्त्री आले, त्यांनी खालून बोटाने ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाले, "काटोगे तो चटकेगी. पूरी निकाल लो." दोन गर्डरांमधली एक अख्खी पटिया उतरवली, तिच्या जागी मध्ये गोल भोक ठेवून सळई घातलेला स्लॅब ओतला. नळी त्या भोकात सिमेंटने पक्की करायची नसते. तापली की ती लांबते, तिला हलायला जागा हवी. भोवती रॉकवूल, म्हणजे न जळणारी दगडी लोकर, भरून वरून पत्र्याची टोपी. स्टोव्हचं धुडही वजनदार, म्हणून तो खोलीच्या मध्ये न ठेवता भिंतीलगत गर्डरच्या ओळीत ठेवला. खालची फरशी दगडी, तिला वेगळं काही लागलं नाही. फक्त सागवानी खिडकीपासून नळी तिच्या व्यासाच्या तिप्पट लांब राहील एवढं बघितलं.

खोलीतली नळी जाड पत्र्याची एकपदरी, कारण तिचीही ऊब मिळते. छतातून वर दुपदरी स्टेनलेसची, मध्ये रॉकवूल. व्यास स्टोव्हच्या तोंडाएवढा, ५ इंच; कमी कधीच करायचा नाही. लोहिया बाजाराच्या बाजूला एका कारागिराने आतला थर ३१६ आणि बाहेरचा ३०४ ग्रेडचा वापरून बनवून दिली. काम सुबक होतं, पण जोडायच्या वेळी आमचं वाजलं. तो खालचा तुकडा वरच्या तुकड्याच्या आत घालत होता. धूर वर जातो, मग सांध्यातून बाहेर येऊ नये म्हणून असंच हवं, हे त्याचं म्हणणं. दहापैकी नऊ जण हेच सांगतील. पण चालू स्टोव्हच्या नळीत ओढ आतल्या बाजूला असते, धूर सांध्यातून बाहेर येत नाही. जे बाहेर येतं ते वरून ओघळणारं काळं पाणी आणि डांबर. वरचा तुकडा खालच्याच्या आत असेल तर ते आतल्या आत उतरून आगीत जातं. नाहीतर नळीच्या बाहेरून काळे ओघळ भिंतीवर. त्याला म्हटलं, भैया, धूर विसर, हा पावसाच्या पाण्याचा परनाळा समज. तो क्षणभर थांबला, एक तुकडा उलटा करून बघितला, आणि बिडी विझवून सगळे सांधे परत उलगडायला बसला.

गच्चीवर टोक पाच फूट उंच काढलं आणि त्याला तीन तारांनी ताण दिला, कारण आमच्या गच्च्यांवर माणसांपेक्षा माकडं जास्त. टोपीला जाळी, कबुतरांसाठी. नळीचा एकूण खर्च स्टोव्हच्या जवळपास गेला. हे ज्यांना करायचंय त्यांनी आधीच धरून चालावं.

पेटवण्याआधी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला, एक बैठकीत आणि एक आईंच्या खोलीत. मग उदबत्तीची परीक्षा. स्टोव्हचं दार बोटभर उघडून उदबत्ती धरली, धूर आत ओढला गेला. स्वयंपाकघरातली चिमणी चालू केल्याबरोबर तोच धूर खोलीत मागे वळला. चिमणी घरातली हवा बाहेर फेकते, मग भरपाईची हवा ती मिळेल तिथून ओढते, नळीतूनसुद्धा. त्या दिवसापासून नियम असा की स्टोव्ह पेटता असताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी आणि मधलं दार बंद. फोडणीचा वास मिळत नाही, एवढंच नुकसान.

कोहऱ्याच्या स्तब्ध सकाळी नळी हट्ट करते. वारा नसतो, नळीतली हवा गार आणि जड, ती उतरूनच बसलेली. अशा वेळी आधी वर्तमानपत्राचा एक बोळा पेटवून नळीच्या तोंडाशी धरायचा, आत घुर्र असा आवाज आला की मग काटक्या. विटा आणि लाकूड एकत्र जाळून पाहिले; दोन ओंडके चांगले पेटल्यावर एक वीट घातली तर रात्री साडेअकरापर्यंत निखारा राहतो. सकाळी दांडा हलवायचा, खडे वेचायचे, ट्रे काढायचा. ट्रेमधली राख जाळीला टेकू द्यायची नाही, नाहीतर खालून हवा न मिळाल्याने जाळीच जळते. राख पत्र्याच्या झाकणाच्या बादलीत आणि बादली गच्चीवर. आत निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत सापडतो. मोडक्या फर्निचरचे तुकडे, प्लायवूड, रंगवलेल्या चौकटी जाळायचा मोह सगळ्यांना होतो, आमच्याकडे त्यावर बंदी आहे. त्या रसायनांचा धूर शेवटी गल्लीच्याच नाकात जातो.

यंदा लाकूड मे महिन्यातच भरलं. टालीवर तेव्हा गिऱ्हाईक नसतं, भावात घासाघीस होते, आणि फाडून गच्चीवर रचून ठेवलं की लू आपोआप वाळवते. पावसाआधी वरून पत्रा. विटांची पोती मात्र घरातच, जिन्याखाली.

एक प्रश्न सुटायचा राहिला आहे. बैठक २० अंशांवर असते आणि लागून असलेली आईंची खोली १३-१४ वर. मधली भिंत पावणेदोन फुटांची, ती काही उष्णता पलीकडे देत नाही, आणि उघड्या दारातून जेवढी जाते ती वरच्या वर. भाऊजींनी उपाय सांगितला की दारात जमिनीलगत छोटा पंखा ठेवा, आणि त्याने गरम हवा तिकडे न ढकलता तिकडची गार हवा इकडे फेका. म्हणजे वरून गरम हवा आपोआप जाते. करून बघितलं, खरंच दोन-तीन अंशांनी फरक पडला. पण पंख्याची वायर आईंच्या वाटेत, रात्री उठल्या तर पाय अडकायची भीती. म्हणून या दिवाळीनंतर त्यांचा पलंगच बैठकीत आणायचं ठरलंय, स्टोव्हपासून सात-आठ फुटांवर. आई तयार आहेत. टीव्ही पलंगावरून दिसला पाहिजे म्हणतात, आणि टीव्हीची भिंत नेमकी नळीची आहे. इलेक्ट्रिशियन पुढच्या आठवड्यात येतोय, समोरच्या भिंतीवर नवा पॉइंट काढायला.